आत्याच्या ओढ्यावरची निरगुडी

निरगुडीला शेळी तोंड लावत नाही. दुष्काळात बाभळीचे काटे चघळणारी शेळी निरगुडीच्या झुडपापाशी आली की नाक फेंदारून पुढं जाते. एवढी अक्कल जनावराला असते. मला एम.एस्सी. पहिल्या वर्गात पास होऊनही ती नव्हती.

मी तेव्हा नांदेडला पीएच.डी. करत होते. वनस्पतीतले पदार्थ कर्करोगाच्या पेशीला मरायला कसं लावतात, असा माझा विषय होता. सरांनी सांगितलं, तुमच्या भागातली एखादी वनस्पती घ्या, म्हणजे आणायला सोपी पडेल. माझ्या डोळ्यांसमोर लगेच आत्याचा ओढा आला. शिरूर अनंतपाळच्या पलीकडं आत्याचं गाव. आमच्या वस्तीवर शाळा चौथीपर्यंतच, म्हणून पाचवीपासून दहावीपर्यंत मी आत्याकडंच राहिले. तिनं मला न्हाऊ घातलं, उवा काढल्या, गणित चुकलं की धपाटे घातले. तिच्या घरामागं ओढा आणि ओढ्याच्या दोन्ही काठांना निरगुडीच निरगुडी. गुडघा दुखला की शेकायला निरगुडी, कणगीत किडा झाला की धान्यात निरगुडी. आता तीच निरगुडी मी पोत्यात भरून एसटीनं लातूर, लातूरहून नांदेड अशी नेऊ लागले. कंडक्टर वासानं बेजार व्हायचा.

ते साल सांगायची गरज नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते साल. नांदेडला विष्णुपुरीच्या धरणात गाळ दिसत होता. आमच्या प्रयोगशाळेत पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं, पण ते एक बादली चांगलं पाणी द्यायला दहा बादल्या मोरीत सोडायचं, म्हणून त्याला कुलूप घातलं होतं. आम्ही कॅन विकत आणून काम करत होतो. पुण्याहून आणलेल्या कर्करोगाच्या पेशींना मात्र एक दिवस उपास घडवला नाही. त्यांचं गुलाबी रंगाचं खाणंपाणी वेळच्या वेळी बदलायचं. माणसं घागरी घेऊन टँकरमागं पळत होती आणि मी कॅन्सरला पाजत बसले होते.

विषय समजायला अवघड नाही. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत तिच्या मरणाची तयारी आधीच करून ठेवलेली असते. शेजारच्या पेशी तिला सारखे निरोप धाडत असतात. वाढ, थांब, आता पुरे. पेशी बिघडली की शेवटचा निरोप पोचतो, आत झोपलेली प्रथिनं जागी होतात, पेशीचे बारीक तुकडे करतात, आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही, कुणाला पत्ताही लागत नाही. कर्करोगाची पेशी हे निरोप मानतच नाही, म्हणून ती वाढत सुटते. निरगुडीच्या पानात एक पिवळा पदार्थ असतो. त्यानं तो तुटलेला निरोप पुन्हा पोचतो का, एवढंच मला बघायचं होतं.

पोचला. आत्याच्या ओढ्यावरच्या पानांचा अर्क घातला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर पसरून बसलेल्या पेशी आकसून गोल झाल्या होत्या. काहींना बुडबुडे आले होते, काही फुटून गेल्या होत्या. मी तीन वेळा प्रयोग केला, तिन्ही वेळा तेच. मला इतका आनंद झाला की मी प्रयोगशाळेच्या शिपायालाही सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. त्यानं पाहिलं आणि मेल्या वाटतं म्हणून झाडू मारायला गेला.

एक काम राहिलं होतं. हाच अर्क माणसाच्या चांगल्या, निरोगी पेशींवर घालून बघायचा होता. मारायला काय, मीठ टाकलं तरी पेशी मरतात, फिनाईल टाकलं तरी मरतात. वाईट मरून चांगली जगली तरच त्या मरण्याला किंमत. हे मला माहीत होतं, सरांना माझ्याहून जास्त माहीत होतं. पण निरोगी पेशी मागवायला वेळ लागणार होता आणि सरांना शोधनिबंध पाठवायची घाई होती. ते म्हणाले, दुसऱ्या निबंधात घेऊ. मी मान हलवली. मान हलवण्यात आम्ही पोरी पटाईत.

आत्याला त्याच वर्षी छातीत गाठ निघाली. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, सुनेनं अंघोळीला पाठ चोळताना पाहिली. सून म्हणजे माझ्या आतेभावाची बायको, माझी वहिनी. ती कमी बोलणारी, पण डोळ्यांची पक्की. तिनंच नवऱ्याच्या मागं लागून सासूला लातूरला नेलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वेळेवर आलात, कुठं पसरलेलं नाही, आता सहा इंजेक्शनं नीट घ्या, बाई ठणठणीत होतील. तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन. दोन झाली तेव्हा आत्याचे केस गेले, तोंडाला चव राहिली नाही आणि एसटीत बसलं की शिरूरपासून लातूरपर्यंत उलट्या व्हायच्या. ती म्हणायची, रोग परवडला, पण ही एसटी नको.

आणि इकडं नव्या जिल्ह्याची हवा तापली होती. लातूर तोडून नवा जिल्हा होणार, आपला तालुका त्यात जाणार, मग दवाखाना काय, कॉलेज काय, सगळं दाराशी येणार. पाण्याचा पत्ता नव्हता, पण जिल्ह्याचे फलक चौकाचौकात लागले होते. आत्याच्या गावातही एक कृती समिती निघाली. तिच्या अध्यक्षांना आपल्या भागात काय काय आहे हे सरकारला दाखवायचं होतं आणि दाखवायला विशेष काही सापडत नव्हतं. तेवढ्यात त्यांना मी सापडले.

सरांनी नांदेडच्या एका वार्ताहराला बोलावलं होतं. सरांनी त्याला समजावून सांगितलं की पेशी आत्महत्या करते. वार्ताहर म्हणाला, तो शब्द नको सर, आमच्याकडं त्याच्या बातम्या वेगळ्या पानावर असतात. मग त्यानं स्वतःच मथळा केला. दुसऱ्या दिवशी माझा फोटो आणि वर 'शिरूरच्या लेकीनं शोधलं कॅन्सरवर औषध'. मी सरांना म्हटलं, हे बरोबर नाही. सर म्हणाले, पेपरवाले असंच लिहितात, कोण वाचतंय. पी हळद अन् हो गोरी असं सगळं गाव झालेलं असताना सर विचारत होते कोण वाचतंय.

आत्याच्या गावानं वाचलं. समितीनं सत्कार ठरवला. शाळेपुढं मांडव, मागं जिल्ह्याचा फलक, खुर्च्या, शाल, नारळ. अध्यक्ष अर्धा तास बोलले. नवा जिल्हा झाला की इथं निरगुडीचा कारखाना निघेल, मुंबईचे पेशंट शिरूरला येतील, असं ते म्हणत होते, तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला आणि निम्मा मांडव घागरी आणायला पळाला. अध्यक्षांनी भाषण थांबवलं नाही. मीही शाल पांघरून हसत बसून राहिले. खरं सांगते, मला ते आवडलं होतं. ज्या शाळेत मला आगाऊ म्हणून बाकावर उभं करायचे त्याच शाळेपुढं मी खुर्चीत बसले होते.

मग ओवाळायला आत्या उठली.

इथं आत्याची एक रीत सांगायला पाहिजे. ती ओवाळताना प्रश्न विचारायची. पेटत्या निरांजनासमोर 'न्हाई' म्हणायचं नाही, हा तिच्या घरचा कायदा. दिवा ऐकतो, आणि जे बोललं ते पुरं करावं लागतं. लहानपणी तिनं याचा पुरेपूर फायदा घेतला. वाढदिवसाला ताट घेऊन उभी राहायची आणि विचारायची, दूध पिशील का, पोरांना मारणं बंद करशील का, गणितात पास होशील का. आम्ही सगळ्याला हो म्हणायचो. पुढं वर्षभर ती आठवण द्यायची, दिव्यासमोर बोलली होतीस. मी दहावीला गणितात पास झाले ती या एका भीतीनं.

आत्यानं त्या दिवशी टक्कल दिसू नये म्हणून पदर घट्ट बांधला होता. तिनं मला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजन फिरवायला लागली आणि हळूच, पण पुढच्या दोन रांगांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे माझ्या गाठीला बी लागू पडंल का गं माय?"

मी म्हणाले, "हो."

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या क्षणी मला काय वाटलं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. खोटं बोलतेय असं वाटलं नाही. वाटलं, ओवाळणी चाललीय, म्हातारी आशेनं विचारतेय, हो म्हणायला काय जातंय. इंजेक्शनं चालूच आहेत, बरी ती त्यानंच होणार आहे. उद्या बसून नीट सांगू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष ताटात नोट टाकून माइककडं गेले. आणि उद्या बसून सांगायचं राहून गेलं, कारण सकाळची पहिली गाडी धरून मला नांदेडला जायचं होतं, पेशींचं खाणंपाणी बदलायचा दिवस होता.

नांदेडला गेल्यावर आठवड्याला फोन व्हायचा. आत्याचा आवाज खणखणीत झाला होता. उलट्या थांबल्या, भाकरी गोड लागते. एकदा ती खुशीत म्हणाली, केस उगवायलेत बघ. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. मी मैत्रिणींना सांगितलं, आत्याचे केस आले. अरे, पेशी कशा मरतात यावर डॉक्टर व्हायला निघालेली बाई मी. ते इंजेक्शन झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी मारतं, म्हणून गाठीबरोबर केसांची मुळंही मरतात. इंजेक्शन चालू असेल तर केस उगवत नाहीत. उगवले याचा एकच अर्थ होता, आणि तो मला कळला नाही. शेंबड्या पोराला कळलं असतं.

दरम्यान निरोगी पेशी आल्या. मी त्याच पानांचा अर्क त्यांच्यावर घातला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकात पाहिलं तर त्याही आकसल्या होत्या, त्यांनाही बुडबुडे आले होते. थोड्या कमी मेल्या होत्या, एवढाच काय तो फरक. सरांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, हे शेवटच्या तक्त्यात टाका. तो तक्ता प्रबंधाच्या शेवटी बारीक टाइपात आहे. आजवर कुणी मला त्याच्याबद्दल विचारलेलं नाही.

मृगाच्या आधी मी पानं आणायला गावी गेले. ओढ्याकडं वळले आणि थबकले. काठावरच्या झुडपांना पान नव्हतं. नुसत्या काड्या. शेळीनं खाल्लं नव्हतं, माणसांनी ओरबाडून नेलं होतं. आसपासच्या गावांतून लोक यायचे, पिशव्या भरून न्यायचे, असं नंतर कळलं. घरात गेले तर आत्या चुलीपुढं बसली होती, डोक्यावर बोटाएवढे करडे केस, आणि चुलीवर पातेल्यात निरगुडी उकळत होती. दोन तांबे पाण्याचा अर्धा तांब्या होईपर्यंत आटवायचा काढा, सकाळ-संध्याकाळ. टँकर आठ दिवसांनी यायचा. त्या घरातली माणसं ओल्या फडक्यानं अंग पुसून दिवस काढत होती आणि अंघोळीचं पाणी माझ्या औषधात आटत होतं.

मी विचारलं, इंजेक्शनं किती झाली. वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, दोनच.

मी भडकले. भावावर ओरडले, मामांवर, म्हणजे आत्याच्या मालकांवर ओरडले, नेलं का नाही म्हणून. भाऊ म्हणाला, तूच तर सांगितलंस. मग मी खाली बसून आत्याला सगळं सांगितलं. की हे बशीत झालंय, माणसात नाही. की अर्क आम्ही स्पिरिटासारख्या द्रवात काढतो, तो पिवळा पदार्थ पाण्यात नीट उतरतच नाही, म्हणजे तू पितेस त्यात तो नावालासुद्धा नसेल. की उतरला असता तरी पोटात आणि यकृतात मोडून गेला असता. आणि मोडला नसता, तर चांगल्या पेशीही मारल्या असत्या. आत्या काढा ढवळत ऐकत होती. मग म्हणाली, "दिव्यासमोर बोललीस तू."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं ते रागानं म्हटलंच नाही, जणू मीच काहीतरी विसरलेय आणि ती आठवण करून देतेय. जिल्हा व्हायलाय, मग दवाखाना इथंच येईल, उरलेल्या सुया तवा घेऊ, तवर तुझं औषध हायच की, असं तिचं सगळं ठरलेलं होतं. उलट्या बंद झाल्या म्हणजे औषध लागू पडलं, हा तिचा पुरावा. माझ्याकडं तीन वेळा केलेला प्रयोग होता, तिच्याकडं तिचं स्वतःचं पोट होतं.

शेवटी रडून भेकून तिला लातूरला नेलं. काखेत दुसरी गाठ आली होती, तपासणीत यकृतातही निघाली. डॉक्टरांनी फाइल उघडली, तर आत पेपराचं कात्रण होतं. आत्यानं ते त्यांना दाखवायला ठेवलं असावं, किंवा देवाचा अंगारा ठेवावा तसं ठेवलं असावं. डॉक्टरांनी कात्रणातला फोटो पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आणि विचारलं, "तुम्हीच का?" मी मान हलवली. त्यांनी कात्रण मिटून पुन्हा फाइलीत ठेवलं. माझ्या तोंडात मारली असती तर मी निमूट खाल्ली असती.

आत्या श्रावणात गेली. त्या वर्षी पाऊस असा पडला की ओढ्याला पूर आला आणि तिला पलीकडच्या शेतात न्यायला दुपारपर्यंत थांबावं लागलं. दिवसकार्य झाल्यावर मामांनी माळ्यावरून एक पोतं काढलं. उन्हाळ्यात वाळवलेली निरगुडी होती. आत्यानं सांगून ठेवलं होतं, पोरीच्या अभ्यासाला लागंल, लोकांना देऊ नका. झुडपं ओरबाडायला लोक यायच्या आधीच तिनं माझा वाटा काढून ठेवला होता. मी ते पोतं घेऊन एसटीत बसले आणि नांदेडपर्यंत रडत गेले. शेजारच्या बाईनं विचारलं, माय, काय झालं. मी सांगितलं, वासानं डोळे चुरचुरतात.

पाऊस झाल्यावर ओढ्याची झुडपं पुन्हा भरली. मी नवी पानं आणली, अर्क काढला, आणि पेशींना काहीही झालं नाही. मजेत पसरून बसल्या. सर हबकले. मग मी आत्याच्या पोत्यातली पानं घेतली, तर त्यांनी पेशी मारल्या. तेव्हा कळलं की पाणी तुटलं की झाड जीव वाचवायला कडू, विषारी पदार्थ जास्त करतं. माझा सगळा शोध म्हणजे दुष्काळाचा शोध होता. दुष्काळातलं पान आणि पावसातलं पान यांच्या तुलनेचं ते प्रकरण माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं ठरलं, परीक्षकांनी वाहवा केली. आत्याच्या पोत्यावर मी डॉक्टर झाले.

जिल्हा काही झाला नाही. फलक उन्हानं पांढरे पडले. पण समिती होती, अध्यक्ष होते, आणि गावची लेक डॉक्टर झाली म्हटल्यावर सत्कार आलाच. मी नको नको म्हटलं. मामांनी निरोप धाडला, तिला बरं वाटलं असतं, ये. मामांना मी नाही म्हणू शकत नव्हते, म्हणून गेले. तोच मांडव, तीच शाल. अध्यक्षांनी याही वेळी कारखान्याचं सांगितलं.

ओवाळायला वहिनी उठली. हातात आत्याचंच ताट होतं. तिनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि निरांजन फिरवता फिरवता माझ्या अगदी जवळ येऊन, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "ताई, आत्याबाईला सहाच्या सहा इंजेक्शनं दिली असती, तर वाचल्या असत्या का?"

तिच्या हातातला दिवा हलत नव्हता. ती नजर काढत नव्हती. त्या घरातली रीत तिला माहीत होती, मला माहीत होती. आणि रीत नसती, तरी या वेळी खरं उत्तर तेच होतं.

"हो," मी म्हणाले.

वहिनीनं मान डोलावली, राहिलेला फेरा पुरा केला आणि ताट घेऊन घरात गेली.